धसका घेतलेले हृदय

मराठी माणूस धसका घेतो आणि हाय खातो. हे दोन वाक्प्रचार बोलताना एकमेकांच्या जागी वापरले जात असले, तरी त्यांच्यातील फरक बारकाईने पाहण्याजोगा आहे. धसका हा क्षणाचा असतो, बातमी कानावर पडताच काळजात उठणारा. हाय मात्र सावकाश चालणारी गोष्ट आहे, कारण आघात ओसरल्यावर, घर पुन्हा आपापल्या कामाला लागल्यावर आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ थांबल्यावर ती माणसाला आतून पोखरू लागते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांमध्ये आढळणाऱ्या नैराश्याला आधुनिक वैद्यकाने गेल्या तीन-चार दशकांत जे स्वरूप दिले आहे, ते या दुसऱ्या वाक्प्रचाराच्या फार जवळ जाते. नाशिकसारख्या जिल्ह्यात हृदयाला बसलेल्या धक्क्यावर तातडीने इलाज करण्याची व्यवस्था आज बऱ्यापैकी उभी राहिली आहे, पण त्यानंतर खाल्ली जाणारी हाय ही अजूनही घरच्यांनी आपल्या परीने निभावून न्यायची बाब मानली जाते.

मनाचे दुःख हृदयाला भोवते हा समज नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निरनिराळ्या बाबतींत सर्वांत प्रबळ काय, याची एक लांबलचक यादी आहे आणि तिच्यात रोग वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे. इब्न सीना (९८०–१०३७) या अरबीत लिहिणाऱ्या वैद्यतत्त्वज्ञाने हृदयावरील औषधांबद्दल जो स्वतंत्र ग्रंथ रचला, त्यात आनंद आणि खिन्नता यांचा विचार हृदयाच्या अवस्थेशी जोडूनच केलेला आहे. मराठी मनाला मात्र याचे सर्वांत परिचित उदाहरण इतिहासातून मिळते. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ गेल्यानंतर नानासाहेब पेशवे त्याच वर्षीच्या जून महिन्यात पर्वतीवर वारले, आणि त्यांनी पानिपतची हाय खाल्ली हे कारण पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. त्यांची प्रकृती आधीपासूनच ढासळलेली होती, त्यामुळे आजचा कोणताही डॉक्टर मृत्यूच्या दाखल्यावर हे कारण लिहिणार नाही. परंतु या कथेचा नाशिकशी जोडलेला उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही. नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई यांनी तोच पुत्रशोक सोसला, पुढे १७७२ मध्ये माधवराव क्षयाने आणि १७७३ मध्ये नारायणराव मारेकऱ्यांच्या हातून गेल्याचेही पाहिले, नाशिकजवळच्या गंगापूर येथे विरक्त जीवन काढले आणि १७८८ मध्ये त्या वारल्या, म्हणजे पानिपतानंतर सत्तावीस वर्षांनी. आघात सारखा असला तरी त्याचा परिणाम प्रत्येक शरीरात सारखा होत नाही, आणि हा परिणाम कोणत्या माणसात घातक ठरेल हे आधी ओळखता येते का, हाच आधुनिक संशोधनाचाही प्रश्न आहे.

या प्रश्नाला आकड्यांचे पहिले ठोस उत्तर कॅनडातील माँट्रियल येथून १९९३ मध्ये आले. नॅन्सी फ्रेझर-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या झटक्यामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या २२२ रुग्णांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांतील ३५ जणांना तीव्र नैराश्य असल्याचे निदान झाले. पुढील सहा महिन्यांत या गटातील मृत्यूचा धोका, हृदयाची कमजोरी आणि आधी येऊन गेलेला झटका या बाबी हिशेबात धरल्यानंतरही, इतरांच्या सुमारे चौपट निघाला. नंतरच्या अनेक अभ्यासांत हे प्रमाण कमी-अधिक झाले, पण दिशा बदलली नाही. झटका येऊन गेलेल्या साधारण पाचांपैकी एका रुग्णाला तीव्र नैराश्य असते, असे या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये अशा रुग्णांतील नैराश्याची गणना रोगाचा पुढचा प्रवास बिघडवणाऱ्या धोक्याच्या घटकांत करावी, अशी शिफारस केली, म्हणजे ते त्याच पंक्तीला बसले जिच्यात मधुमेह आणि धूम्रपान आधीपासून होते.

येथे नैराश्य हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला आहे ते स्पष्ट करणे आवश्यक आहे. मृत्यूच्या दारातून परत आलेल्या माणसाने काही दिवस गप्प राहणे, रात्री दचकून उठणे किंवा नातवंडाकडे पाहून डोळ्यांत पाणी आणणे हा आजार नव्हे. वैद्यकाच्या दृष्टीने नैराश्य म्हणजे किमान दोन आठवडे, दिवसाचा बराचसा काळ आणि जवळजवळ रोज टिकणारी खिन्नता किंवा कशातच रस न वाटणे, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, शक्ती, एकाग्रता, स्वतःविषयीचे मत यांत झालेला असा बिघाड की त्यामुळे रोजचे जगणे अडते. पहिल्या प्रकारचे दुःख काळाबरोबर ओसरते. दुसऱ्या प्रकारचे काळाबरोबर मुरत जाते, आणि घरातील मंडळी नेमका येथेच थोडे दिवस वाट पाहण्याचा सल्ला देत राहतात.

नैराश्य हृदयाला नेमकी कशी इजा करते, याची कारणे दोन वाटांनी सांगितली जातात. पहिली वाट शरीराच्या आतली आहे. हृदयाच्या ठोक्यांची गती परिस्थितीप्रमाणे क्षणोक्षणी बदलत असते आणि ही लवचीकता निरोगी हृदयाचे लक्षण मानली जाते. नैराश्यात ती घटते, स्वायत्त मज्जासंस्थेचा तोल सतत सावध राहण्याकडे झुकतो, कॉर्टिसॉलसारखी ताणाची संप्रेरके वाढलेली राहतात, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट नावाच्या सूक्ष्म पेशी अधिक चिकट होतात आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरात मंद दाह धुमसत राहतो. दुसरी वाट वागणुकीची आहे आणि ती दिसायला साधी असली तरी कदाचित अधिक महत्त्वाची आहे, कारण ज्याला उद्याच्या दिवसात काही राम उरला आहे असे वाटत नाही तो रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यायला विसरतो, फिरायला जात नाही, सोडलेली तंबाखू पुन्हा चुन्याबरोबर मळू लागतो आणि तपासणीची तारीख टाळतो. नव्याने बसवलेल्या स्टेंटमध्ये, म्हणजे अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या धातूच्या जाळीदार नळीत, गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या दोन गोळ्या अध्येमध्ये बंद करणे हे किती धोक्याचे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे खिन्नता आणि मृत्यू यांच्यातील अंतर किती थोडे आहे ते कळते. तीव्र शोकाच्या भरात हृदयाचा खालचा डावा कप्पा फुग्यासारखा फुगून तात्पुरता दुबळा पडण्याचा एक वेगळा विकारही आहे. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास त्याला ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यावरून ताकोत्सुबो हे नाव दिले, पण तो धसक्याचा प्रकार झाला. येथे चर्चा चालू आहे ती हायेची.

रोग ओळखण्यातील पहिली अडचण अशी की हृदयरोग आणि नैराश्य यांची लक्षणे एकमेकांत गुंतलेली असतात. थकवा, झोप न लागणे, जेवण नकोसे होणे, छातीत धडधडणे या तक्रारी हृदय दुबळे झाल्यानेही येतात, औषधांनीही येतात आणि मन खचल्यानेही येतात. रक्तदाब व ठोके आवरणाऱ्या बीटाब्लॉकर गटातील औषधांनी नैराश्य येते असा समज दीर्घकाळ रूढ होता, परंतु २००२ मध्ये अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले तेव्हा थकव्यात किंचित वाढ दिसली आणि नैराश्याचा आरोप टिकला नाही. दुसरी अडचण भाषेची आहे. नैराश्य हा शब्द वर्तमानपत्रात आणि पुस्तकात आहे, पण दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसून मला नैराश्य आले आहे असे म्हणणारा रुग्ण नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे विरळाच. तो म्हणतो की कशात जीव लागत नाही, मन उडाले आहे, जीव घाबरा होतो, छातीत कसेसेच होते, आणि अलीकडे सर्वांत जास्त, टेन्शन आहे. ज्या अवयवाला डॉक्टर हृदय म्हणतात त्याला बोलीत काळीज म्हणतात, आणि हा शब्द मटणाच्या दुकानात आजही यकृतासाठी वापरला जातो. तेव्हा काळजाला घोर लागल्याची तक्रार नेमक्या कोणत्या अवयवाची, याचा निवाडा शरीरशास्त्राच्या पुस्तकातून होण्यासारखा नाही.

ही अडचण एकट्या मराठीची नाही, आणि अरबी भाषक रुग्णांच्या बाबतीत ती वैद्यकीय साहित्यात बरीच चर्चिली गेली आहे. अरबीत मनाची कोंडी सांगणारा दीक हा शब्द मूळचा जागा अपुरी पडण्याचा, आवळले जाण्याचा आहे, आणि तो बहुतेक वेळा छातीला जोडूनच उच्चारला जातो. ज्याची छाती आवळल्यासारखी होते अशा हृदयरोग्याचा ईसीजी काढावा की त्याच्या संसाराची विचारपूस करावी, असा पेच त्यामुळे पडतो, आणि खरे तर दोन्ही करणे प्राप्त असते. बायरन गुड या मानववंशशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये इराणमधील मराघे या शहरातील, म्हणजे अरबी नव्हे तर तुर्की बोलणाऱ्या समाजातील, हृदयाच्या व्यथेवर लिहिताना दाखवून दिले की तेथील स्त्रिया ज्याला हृदयाचे दुखणे म्हणतात त्यात बाळंतपण, गरिबी, सासुरवास आणि एकटेपणा हे सारे एका शब्दात बांधलेले असते. नाशिक जिल्ह्यातच याचा पडताळा घ्यायचा तर मालेगावकडे पाहावे. यंत्रमागांच्या त्या शहरात घराघरांत उर्दू बोलली जाते, आणि दिल घबराना किंवा दिल बैठना ही वर्णने घेऊन आलेल्या रुग्णाला मराठी प्रश्नावली वाचून दाखवण्याने फारसे हाती लागत नाही. एक गोष्ट मात्र या सर्व भाषांना जवळ आणते. मराठीतला तब्येत हा शब्द अरबीतून आला, तिकडे त्याचा अर्थ निसर्ग किंवा स्वभाव असा आहे, आणि तब्येत कशी आहे या प्रश्नात शरीर आणि मन अशी फाळणी मुळातच नाही.

अरब देश आणि भारतीय उपखंड यांना जोडणारा आणखी एक दुवा आहे आणि तो वयाचा आहे. केरळमध्ये जन्मलेले आणि कॅनडात काम करणारे हृदयरोगतज्ज्ञ सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पहिला झटका येण्याचे मध्यक वय पश्चिम युरोपात ६३ असताना दक्षिण आशियात ५३ आणि मध्यपूर्वेत ५१ निघाले. धोक्याच्या नऊ घटकांत मानसिक व सामाजिक ताणाचा समावेश या अभ्यासाने केला, हेही येथे नोंदवले पाहिजे. दहा वर्षे आधी झटका येण्याचा अर्थ असा की रुग्ण निवृत्त झालेला नसतो, मुलांची शिक्षणे आणि लग्ने बाकी असतात, सोसायटीचे कर्ज फिटलेले नसते, आणि घराचा कर्ता पुरुष अचानक जपून ठेवायची वस्तू होऊन बसतो.

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात याचे स्वरूप विशेष स्पष्ट होते. द्राक्षबागेची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि दुसऱ्या छाटणीनंतर जानेवारी ते मार्चमधील काढणीपर्यंत बाग माणसाला उसंत देत नाही, कारण अवकाळी पाऊस, गारपीट किंवा डावणी-भुरीसारखे बुरशीजन्य रोग यांपैकी काहीही वर्षाचा हिशेब एका रात्रीत उलटवू शकते. अशा काळात ज्याच्या हृदयात स्टेंट बसला त्याला विश्रांतीचा सल्ला मिळतो. हा सल्ला काही आठवड्यांचा असतो, पण घरी पोहोचेपर्यंत तो आयुष्यभराचा होतो. फवारणीला मुलगा जातो, बाजारभावाची बातमी वडिलांपर्यंत पोहोचू दिली जात नाही, व्यापाऱ्याने पैसे बुडवले तर ते दबक्या आवाजात बोलले जाते, त्यांना काही सांगू नका हा घरातील नवा नियम ठरतो, आणि ज्या माणसाचे सारे मोल त्याच्या निर्णयशक्तीत होते त्याच्याकडे विचारण्यासारखे काही उरत नाही. शहरात सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील कामगाराची गोष्ट थोडी निराळी असते, कारण त्याला हलके काम मिळेल का आणि कंत्राट पुढे वाढेल का हा घोर असतो, पण जपण्याच्या नावाखाली होणारी कोंडी तीच. हृदयाला इजा मर्यादित असूनही भीतीमुळे आणि अतिकाळजीमुळे माणसाने स्वतःला अपंग समजू लागणे, याला वैद्यकात हृदयरोगी पंगुत्व म्हणतात. पतीपत्नीसंबंध पुन्हा सुरू करता येतील का हा प्रश्न तर बहुतेक दवाखान्यांत विचारलाही जात नाही आणि त्याचे उत्तर सांगितलेही जात नाही, वास्तविक दोन जिने दम न लागता चढता येणाऱ्या बहुतेक रुग्णांना त्यात विशेष धोका नसतो.

स्त्रियांच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते. त्यांना झटका येताना छातीतील कळेबरोबर किंवा तिच्याऐवजी मळमळ, विलक्षण थकवा, जबडा किंवा पाठ दुखणे अशी लक्षणे पुरुषांपेक्षा अधिक प्रमाणात दिसतात, आणि सुनेशी खटका उडाला असेल किंवा पित्त झाले असेल असे म्हणून मौल्यवान तास वाया जातात. म्हणजे पुरुषाचे नैराश्य हृदयाच्या नावावर खपते आणि स्त्रीचे हृदय टेन्शनच्या नावावर. झटक्यानंतर पुरुषाला निदान विश्रांती सक्तीने मिळते, तर स्त्री आठव्या दिवशी ओट्यापाशी उभी असते. आणि नैराश्याचे प्रमाण हृदयरोगी स्त्रियांत पुरुषांपेक्षा जास्त असल्याचे अभ्यास सातत्याने दाखवतात.

आता व्यवस्थेकडे वळावे लागेल. शालिमार भागातील विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय हे हृदयरोग, मूत्रपिंडविकार आणि कर्करोग अशा खर्चिक उपचारांसाठी शासनाने नाशिकमध्ये चालवलेले रुग्णालय आहे, त्र्यंबक रस्त्यावर जिल्हा रुग्णालय आहे, आडगाव येथे मराठा विद्या प्रसारक समाजाचे डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि शहरभर खाजगी रुग्णालयांचे जाळे आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये उरलेल्या जिल्ह्यांपर्यंत पोहोचली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्यामुळे अँजिओप्लास्टी किंवा बायपासचा खर्च ज्यांना स्वप्नातही पेलला नसता अशा कुटुंबांना उपचार मिळाले. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत करांव्यतिरिक्त २९,६०० रुपये ठरली, जी आधीच्या किमतींच्या तुलनेत फारच खाली होती. हे मोठे यश आहे आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु अशा योजनांचा पाया प्रक्रियानिहाय ठरलेली रक्कम हा असतो, म्हणजे स्टेंट मोजता येतो, बायपास मोजता येते, रुग्णालयातील दिवस मोजता येतात, आणि महिन्याभराने रुग्णाजवळ बसून त्याला आता कशात गोडी वाटते का हे विचारण्यात गेलेली वीस मिनिटे मोजण्याची सोय नसते. घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर हृदयाच्या पंपिंगची टक्केवारी असते, गोळ्यांची वेळ असते, मीठ-तेलाचे पथ्य असते. मनासाठी रकाना नसतो.

हा रकाना का नाही, याचे एक उत्तर शिक्षणात सापडते, आणि येथेही नाशिकचा संबंध येतो, कारण राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये ज्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला संलग्न आहेत ते १९९८ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ नाशिकच्या म्हसरूळ भागात आहे. देशभरात एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात मानसोपचारशास्त्राची स्वतंत्र परीक्षा होत नाही, तो विषय सामान्य वैद्यकशास्त्रात सामावलेला असतो, आणि परीक्षेत जे वेगळे विचारले जात नाही ते विद्यार्थी कसे वाचतात हे सांगायला नको. पुढे हृदयरोगात विशेष प्रावीण्य मिळवणारा डॉक्टर मन हे दुसऱ्या कुणाच्या तरी विभागाचे काम आहे अशा समजुतीने वाढतो, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा असे त्याने सांगितलेच तर रुग्णाला ती वेडा ठरवल्याची पावती वाटते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या पाहणीत (महाराष्ट्र त्या बारांत नव्हते) नैराश्य व चिंताविकार यांसारख्या सर्वत्र आढळणाऱ्या मनोविकारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचाराविना असल्याचे दिसले. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये संमत होऊन २०१८ पासून लागू झाला आणि त्याने शारीरिक आजारांप्रमाणेच मनोविकारांनाही विम्याचे संरक्षण देणे बंधनकारक केले, तरी हक्क कागदावर असणे आणि तो मागण्याइतका धीर खचलेल्या माणसात असणे या भिन्न गोष्टी आहेत.

मग नैराश्य शोधून त्यावर उपचार केल्यास हृदयरोगी अधिक जगतात का? या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर ते सरळ नाही. अमेरिकेत २,४८१ रुग्णांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनरिच्ड या चाचणीत बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे विचारांची घातक सवय ओळखून ती बदलायला शिकवणारी संभाषणपद्धती, वापरण्यात आली. तिने नैराश्य काहीसे कमी झाले, पण मृत्यू किंवा पुन्हा येणारा झटका यांत फरक पडला नाही. त्याच्या आदल्या वर्षी ३६९ रुग्णांवरील सॅडहार्ट चाचणीने सर्ट्रालिन हे नैराश्यावरील औषध हृदयरोग्यांना सुरक्षित असल्याचे दाखवले होते. याला महत्त्व होते, कारण ॲमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधे हृदयाच्या विद्युतवहनात अडथळा आणू शकतात आणि झटक्यानंतर ती टाळावी लागतात. या चाचणीचा खर्च औषधाच्या उत्पादक कंपनीनेच केला होता, ही गोष्ट वाचकाने मनाशी ठेवलेली बरी. दक्षिण कोरियात ३०० रुग्णांना २४ आठवडे एस्सिटालोप्राम किंवा निष्क्रिय गोळी देऊन सुमारे आठ वर्षे पाठपुरावा केला गेला, आणि २०१८ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत हृदयाशी संबंधित गंभीर घटना औषध घेतलेल्यांत ४०.९ टक्के तर इतरांत ५३.६ टक्के आढळल्या. एका चाचणीवर सारा डोलारा उभारता येत नाही. या गटातील औषधे ॲस्पिरिनबरोबर दिली असता रक्तस्रावाची शक्यता वाढते, म्हणून ती आपल्या मनाने घेण्याची किंवा सोडण्याचीही नव्हेत.

परंतु या साऱ्या वादात एक गफलत सहज शिरते. हृदयरोग्याच्या नैराश्यावर इलाज करायचा तो त्याचे हृदय वाचवण्यासाठीच, असे गृहीत धरले जाते, आणि हृदय वाचल्याचा पुरावा अपुरा ठरला की इलाजाचीच गरज नाही असा निष्कर्ष निघतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आयुष्य वाढवते का, असा हिशेब कोणी मांडत नाही. माणसाला दिसू लागते एवढे कारण तिथे पुरेसे असते.

इलाज कोणी करायचा, हा प्रश्न मात्र खरा आहे, कारण मानसोपचारतज्ज्ञ मूठभर आणि रुग्ण असंख्य. याचे उत्तर शेजारच्या गोव्यात शोधले गेले. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या संगत या संस्थेच्या माध्यमातून विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशक म्हणून तयार केले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा सहा ते आठ भेटींनंतर, म्हणजे तीन महिन्यांनी, नैराश्यातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण या समुपदेशनाने ६४ टक्के आणि त्याविना ३९ टक्के होते. या पद्धतीचे मर्म वर्तनाला चालना देण्यात आहे, म्हणजे मन लागेल तेव्हा काम करू असे न म्हणता छोटे, ठरवून घेतलेले काम आधी करायचे आणि मन मागून येते का ते पाहायचे. झटक्यानंतर पलंगाला खिळवून ठेवलेल्या कर्त्या माणसाला नेमके हेच नाकारले गेलेले असते.

याहून जवळचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातच घडले. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने २०१३ ते २०१५ या काळात पेठ तालुक्यातील ४१ गावांत आत्मीयता हा प्रकल्प राबवला. पेठ हा नाशिकपासून सुमारे ५५ किलोमीटरवरचा, सावळघाट ओलांडून गुजरातच्या सीमेकडे जाणारा आदिवासी तालुका असून तेथील कितीतरी कुटुंबे हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. गावातीलच विश्वासू माणसे निवडून त्यांना दुःखी माणूस ओळखायला, न टोकता ऐकून घ्यायला, त्याच्याबरोबर अडचणींची उकल करायला आणि शासकीय योजनांचा लाभ मिळवून द्यायला शिकवणे, मोबाइलवरच्या छोट्या चित्रपटांतून गावात या विषयावर बोलणे सुरू करणे आणि गंभीर रुग्णाला डॉक्टरांकडे पोहोचवणे, असे त्याचे स्वरूप होते. पुढे २०१७ पासून गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात त्याचा मोठा विस्तार झाला. हृदयरोग्यांसाठी तो आखलेला नव्हता. तरीही एका टोकाला झडपा आणि रक्तवाहिन्या दुरुस्त करणारे शहर, आणि दुसऱ्या टोकाला शेजाऱ्याचे ऐकून घेण्याची रीत शिकलेली गावे, ही दोन्ही एकाच जिल्ह्यात असताना त्यांच्यामधली वाट रुळलेली नसावी, हे विचित्र आहे.

ही वाट जोडायला फार काही लागत नाही. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी आहे आणि ती मराठीतही उपलब्ध आहे. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण २७, आणि दहा किंवा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी करायची. तिच्यातले पहिले दोनच प्रश्न, म्हणजे गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का आणि मन उदास राहिले का, चाळणी म्हणून पुरतात आणि ते विचारायला मिनिटभर लागते. शेवटचा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा आहे, आणि त्याचे उत्तर होकारार्थी आले तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नसते. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीही आहे. नुसती चाळणी लावून भागत नाही, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत दीड हजार रुग्णांवर झालेल्या एका चाचणीने २०१९ मध्ये दाखवले की प्रश्न विचारण्याने, आणि सापडलेल्यांना उपचार देऊ करण्यानेही, जगण्याच्या दर्जात लक्षणीय फरक पडला नाही. भारतातील २४ रुग्णालयांत ३,९५९ रुग्णांवर झालेल्या योग-केअर चाचणीतही मृत्यू व पुन्हा येणाऱ्या झटक्यांत निश्चित फरक दिसला नाही, पण योगाधारित पुनर्वसन घेतलेले रुग्ण झटक्याआधीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले आणि स्वतःची तब्येत अधिक बरी असल्याचे त्यांनी सांगितले.

आधीच्या कामांकडे परतणे याचा अर्थ पिंपळगाव बसवंतच्या बागाईतदारासाठी, नाशिकरोडच्या प्रेसमधील कामगारासाठी आणि पेठहून मजुरीला उतरणाऱ्या बाईसाठी एकच असणार नाही. पण फळछाटणीच्या दिवसांत, दिवाळीच्या आगेमागे, फेरतपासणीला आलेल्या शेतकऱ्याला रक्तदाबाच्या पट्ट्यात हात अडकवलेला असतानाच डॉक्टरांनी यंदा बागेत कोण पाहते असे विचारले, तर पीएचक्यू-९ चा पहिला प्रश्न त्याच्या भाषेत विचारून झालेला असतो.